अनुभव धागा: उपदेशकाला प्रश्न विचारता येतो का?

इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या ख्रिस्ती) मंडळ्यांमध्ये उपदेशाची धाटणी झपाट्याने बदलते आहे. शास्त्रभाग उघडून ओळीओळीने समजावणं मागे पडलं आणि ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य पुढे आलं. मला याची मनापासून काळजी वाटते. बिरुया गावचे लोक खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11) आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना त्याबद्दल थोर म्हणतो. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. मंडळीचं किंवा पाळकांचं नाव नको.

प्रतिसाद
मी मंडळीच्या हिशेब समितीवर होते. इमारत निधीतला पैसा कुठे वळवला, एवढंच बैठकीत विचारलं. पुढच्या रविवारच्या संदेशाचं वचन होतं स्तोत्र 105:15, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. उपासना संपल्यावर नेहमी हात धरून बोलणाऱ्या बाया लांबूनच निघून गेल्या.

घरी येऊन ते स्तोत्र 12 व्या ओवीपासून वाचलं. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर, परके, देशोदेशी भटकणारे. देव दटावतो ते राजांना, या दुबळ्यांना छळू नका म्हणून. म्हणजे सत्तेपासून संरक्षण देणारं वचन सत्तेच्याच रक्षणाला लावलं होतं! दावीदाने आपला पाठलाग करणाऱ्या अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही हे खरं, पण गुहेबाहेर येऊन त्याचा अन्याय त्याला सर्वांदेखत सुनावला (1 शमुवेल 24). पुढे दावीद राजा झाल्यावर त्याचं पाप दाखवताना नाथान संदेष्ट्याने त्याला सोडलं नाही, पौलाने केफाला म्हणजे प्रेषित पेत्राला सोडलं नाही (गलती 2:11). हिशेब मला आजतागायत मिळालेला नाही.

प्रतिसाद
मी आराधना पथकात कीबोर्ड वाजवायचो. आवाहनाच्या वेळी, म्हणजे लोकांना प्रार्थनेसाठी पुढे बोलावताना, पास्टर डावा हात जरा उचलत. ती खूण. मग मी पेडल दाबून सूर लांबवायचा, ड्रमवाल्याने झांजेवर हलकी थाप द्यायची, दिवे मंद व्हायचे. लोक रडू लागत आणि त्याला ‘आत्म्याचं कार्य’ म्हटलं जाई. संगीताला माझा विरोध नाही, ते देवाचं दान आहे. पण तालमीत ठरलेल्या गोष्टीला पवित्र आत्म्याचं नाव देणं मला सहन होईना. मी पथक सोडलं.

प्रतिसाद
आमच्या घरात आजारी माणसाला ‘औषध म्हणजे अविश्वास’ असं सांगितलं गेलं. जास्त लिहवत नाही. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (1 तीमथ्य 5:23), हे त्या उपदेशकांनी कधी वाचून दाखवलं नाही.

प्रतिसाद
देवाच्या नावाने स्वतःचा फायदा साधण्याचा हा रोग जुनाच आहे. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या मंडळीच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे: आत्म्यात बोलतो म्हणून जो स्वतःसाठी पैसे मागेल, त्याचं ऐकू नका. समृद्धीच्या सुवार्तेवर, म्हणजे विश्वास ठेवा, दान द्या की देव पैसा-आरोग्य देतो या शिकवणीवर, बाहेरचेच टीका करतात असंही नाही. लोझान या जागतिक इव्हँजेलिकल चळवळीच्या आफ्रिकेतल्या धर्मअभ्यासकांनी 2008 आणि 2009 मध्ये घानातल्या आक्रोपाँगला जमून तिची चिकित्सा केली आणि ती शिकवण शास्त्राचा गंभीर विपर्यास करते असं म्हटलं. ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ हे ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांचंच हे मत आहे.

प्रतिसाद
मी पाळक आहे. वरचं वाचून वाईट वाटलं, राग नाही आला. याकोबाच्या पत्रातलं 3:1 आम्हा शिकवणाऱ्यांसाठीच आहे, आमचा न्याय अधिक कडक होणार. दुसरी बाजूही सांगतो. तरुण मोबाईलवरच्या मिनिटभराच्या क्लिप घेऊन येतात. एकाने यिर्मया 29:11 (देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत) दाखवलं, ‘देव मला नोकरीत बढती देणार.’ आम्ही 10 वी ओवी सोबत वाचली. बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं! ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार होते. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही संदेशानंतर प्रश्न घेतो.

धागाकर्ती
पाळकसाहेब, तोंडी की लेखी?

प्रतिसाद
लेखी, नाव न घालता. चिठ्ठ्या वडीलजन (मंडळीचे निवडलेले ज्येष्ठ) उघडतात, कुठली वाचायची ते मी ठरवत नाही.