मदत हवी आहे: ग्रुप प्रॅक्टिस आधी की मोठ्या हॉस्पिटलशी करार आधी?

नमस्कार मंडळी,

आम्ही चार डॉक्टर आपापले दवाखाने एकत्र करायच्या विचारात आहोत: फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मी स्त्रीरोगतज्ज्ञ. रिसेप्शन, लॅब, बिलिंग सामायिक, रात्रीचे कॉल वाटून. इथवर एकमत आहे.

गाडी अडलीये पुढे. एका मोठ्या हॉस्पिटल समूहाने संलग्न व्हा म्हणून मसुदा पाठवलाय. विमा कंपन्यांशी दर तेच ठरवणार, पाटी आणि सॉफ्टवेअर त्यांचं. करार मोडला तर ठरावीक अंतरात दोन वर्षं प्रॅक्टिस करायची नाही, असं एक कलम आहे. त्याहून मला जास्त खुपतंय ते नोंदींचं. पेशंटचे कागद त्यांच्या सिस्टीमवर राहणार, पण आम्ही बाहेर पडलो तर ते मिळणार का, यावर एक ओळही नाही. पहिल्या सिझेरियनला गर्भाशयावर छेद कसा घेतला होता, हे दुसऱ्या खेपेला माझ्यासमोर नसेल तर नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करायचा की नाही, हे मी कशावरून ठरवू?

बाकीचे म्हणतात, आधी सह्या करू, आपसातलं नंतर बघू. मला हे अजिबात पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
ताई, तुमचं बरोबर आहे. आधी आपसातला करार, मग चौघांच्या संस्थेने मिळून हॉस्पिटलशी करार. एकेकट्याने सही केलीत की चार नोकरदार उरतील.

अमेरिकेतल्या कैझर पर्मनेन्टे या विमा आणि हॉस्पिटलं एकत्र चालवणाऱ्या मोठ्या आरोग्यसेवा समूहात डॉक्टरांनी 1948 साली स्वतःची वेगळी भागीदारी उभी केली. पुढे कारभार कुणाच्या हातात यावरून व्यवस्थापनाशी चांगलीच जुंपली. 1955 मध्ये ताहो सरोवराकाठी बैठक होऊन तोडगा निघाला. वेगळी संस्था होती म्हणूनच डॉक्टरांना बरोबरीने बसता आलं.

आपसात वाटणीचं सूत्र आत्ताच लिहा. बालरोगतज्ज्ञाकडे गर्दी जास्त पण बिल लहान, अस्थिरोगतज्ज्ञाचं उलट. निव्वळ बिलावर वाटलंत तर वर्षभरात कुरबुर सुरू होईल. एखादा बाहेर पडला तर मशीनमधल्या त्याच्या हिश्श्याची किंमत कशी धरायची, तेही लिहा. आणि पेशंट कुठे रेफर करायचा हा निर्णय डॉक्टरचाच, हे हॉस्पिटलच्या करारात स्पष्ट हवं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. वाटणीचा विषय आम्ही काढलाच नव्हता, तो आता आधी घेते. बाहेर पडताना नोंदींची पूर्ण प्रत वाचता येईल अशा स्वरूपात मिळावी, असं कलम कुणी करारात घालून घेतलंय का? असल्यास शब्दरचना कृपया इथे द्या.