तळोज्याची बिअर कितपत देशी?

किंगफिशर म्हणजे आपली अस्सल देशी बिअर, असं म्हणतात. ती बनवणारी युनायटेड ब्रुअरीज कंपनी १९१५ सालची, हे खरंच. पण २०२१ पासून तिचे बहुमताचे शेअर हायनेकेन या डच बिअर कंपनीकडे आहेत. म्हणजे आम्हा खारघरकरांच्या शेजारी, तळोजा एमआयडीसीतल्या तिच्या कारखान्यात बनणारी बिअरही आता परदेशी मालकीचीच!

मायक्रोब्रुअरीचं, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणाचं, गणित निराळं. तिथे बिअर सहसा पाश्चराइज करत नाहीत (म्हणजे तापवून जंतू मारत नाहीत), फार टिकत नाही, म्हणून टाकीतून थेट ग्लासात. तिथे हेफवायझन ही गव्हाची गढूळ बिअर पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हा पिकल्या केळ्याचा वास आला. वाटलं, नासली. वेटरला हाक मारणार, तोच मित्र म्हणाला, "गप बस, बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा वास आहे तो." दुसरा ग्लास मीच मागवला.