मदत हवी आहे : जत्रेतल्या तीन फाशांच्या खेळात पैसे जातात कुठे, हे दहावीच्या मुलांना कसं दाखवू?

गावातल्या शाळेत दहावीला गणित शिकवते. संभाव्यतेचं प्रकरण चालू आहे आणि जत्रा नुकतीच झाली, त्यामुळे वर्गात सध्या एकच विषय. खेळ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फडक्यावर सहा चित्रं : बदाम, किलवर, इस्पिक, चौकट, मुकुट, झेंडा. हीच चित्रं असलेले तीन फासे डब्यात खुळखुळवून पालथे घालतात. बदामावर दहा रुपये लावले आणि एका फाशावर बदाम आला, तर आपले दहा परत आणि वर दहा. दोनांवर आला तर वर वीस, तिन्हींवर आला तर वर तीस. एकही नाही आला, तर लावलेले गेले.

मुलं म्हणतात, "बाई, तीन फासे, सहा चित्रं, म्हणजे निम्मी संधी. वर जोडी आली की जास्तीचे पैसे. मग फायदा आपलाच ना?"

निम्म्याचं खूळ निघालं. "मग सहा फासे टाकले तर बदाम दरवेळी यायलाच हवा, येतो का?" एवढं विचारलं आणि वर्ग गप्प झाला. पुढे फळ्यावर मांडलं : एकूण निष्पत्ती, म्हणजे फासे पडण्याचे शक्य प्रकार, २१६. बदाम एकदाही न येण्याच्या १२५, एकदा येण्याच्या ७५, दोनदा १५, तीनदा १. जिंकण्याची संभाव्यता ९१/२१६, म्हणजे साधारण ४२ टक्के. रुपयामागे अपेक्षित मूल्य (७५ + ३० + ३ − १२५)/२१६ = −१७/२१६. दहा रुपये लावले की सरासरी ७९ पैसे जातात.

वहीत उतरलं, पण पटलं नाही. जोडीला दुप्पट देऊनही खेळवणारा फायद्यात कसा, हे अपूर्णांकांशिवाय दाखवता येईल का? शिवाय एकाचं पालुपद आहे, "माझा दादा तर जिंकून आला." पोरं पुढच्या जत्रेची वाट बघतायत, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

प्रतिसाद १

बाई, मुलांना खेळवणाऱ्याच्या जागी बसवा. सहाही घरांवर एकेक रुपया ठेवा. तिन्ही फाशांवर वेगवेगळी चित्रं आली, तर तीन घरांचे तीन रुपये ओढायचे आणि उरलेल्या तिघांना एकेक द्यायचा. हाती काहीच नाही. आता दोन बदाम आणि एक झेंडा येऊ द्या. चार घरांचे चार ओढले, बदामाला दोन दिले, झेंड्याला एक. एक रुपया खिशात! तिन्ही बदाम आले तर पाच ओढून तीन द्यायचे, दोन खिशात. त्याची सगळी कमाई जोडी-तिडीतच आहे, आणि नेमका त्याच वेळी फडक्याभोवती जल्लोष चालतो.

पडताळा : जोडीच्या निष्पत्ती ९०, तिडीच्या ६. सहा रुपयांमागे (९० + १२)/२१६, म्हणजे रुपयाला तेच १७/२१६.

प्रतिसाद २

दादा खरंच जिंकला असेल, ते नाकारू नका. दहा-दहा रुपयांचे शंभर डाव खेळले तर सरासरी तोटा ७९ रुपये, पण प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो त्याचं माप, १११ रुपयांच्या आसपास. त्यामुळे चार-पाच जणांत एखादा नफ्यात उठतोच, आणि गावभर सांगतो तोच. हजार डावांनंतर तसा माणूस शंभरात एक-दोन. हे सगळं फासे सरळ आहेत असं धरून.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. उद्या सहा मुलांना सहा घरं देते आणि चिंचोक्यांवर खेळवते. प्रमाण विचलन मात्र दहावीला नाही. दादाचा मुद्दा त्याशिवाय कसा मांडता येईल, ते कोणी सांगेल का?