राशी सोपी करताना उत्तर जुळत नाही, मदत हवी आहे (तातडीने)

घाईत_आई: उद्या लेकीची चाचणी आहे आणि तासभर एकाच गणितात अडकलोय. सजातीय पदं एकत्र केली, तरी उत्तर पुस्तकातल्याशी जुळत नाही. तीनदा करून पाहिलं. काय चुकतंय?

खडू_फळा: ताई, गणित तर द्या! आणि तुमचं काय आलं तेही.

घाईत_आई: सॉरी. ७क्ष − ३(२क्ष − ४य) − क्ष² + ५य. आमचं आलं −७य.

सरळरेषा: क्ष म्हणजे पेन, य म्हणजे वही समजा. पेनात पेन मिळवा, वहीत वही. माझ्या दोन्ही मुलांना असंच शिकवलं.

खडू_फळा: मग क्ष² ला काय म्हणणार? क्ष ही वस्तू नाही, संख्या आहे. तिच्या ७ पटीतून ६ पट गेली की १ पट उरते, एवढंच.

सरळरेषा: सुरुवातीला मुलांना काहीतरी डोळ्यांसमोर लागतं हो. घातांक नंतर येतात.

शून्यापुढे: क्षची किंमत काढायला वर्गसमीकरणाचं सूत्र वापरा, दोन मिनिटांत होईल.

खडू_फळा: इथे बरोबरचं चिन्हच नाही. ही राशी आहे, समीकरण नव्हे.
ताई, कंसाबाहेर वजा ३ आहे ना? −३ गुणिले −४य म्हणजे +१२य. तुम्ही −१२य धरलंत.

घाईत_आई: हो, तिथेच! मग १२य + ५य = १७य. क्ष आणि य दोन्ही १ धरून पडताळलं. मूळ राशी १७, उत्तरही १७. पण पुस्तकात तीन पदं दिलीत. छपाईची चूक असेल का?

खडू_फळा: क्ष कुठे गेला?

घाईत_आई: ७क्ष − ६क्ष = क्ष. त्यातून क्ष² गेला, शून्य.

खडू_फळा: अक्षर तेच, पण घातांक वेगळा, म्हणून ती विजातीय पदं. १ चा वर्ग १च, त्यामुळे पडताळणीत चूक लपली. ० घेतलं तरी लपेल. क्ष = २, य = १ ठेवा: १४ − ० − ४ + ५ = १५. तुमचं येतं १७. आता क्ष + १७य − क्ष² बघा: २ + १७ − ४ = १५.

जुनी_पाने: विषय निघालाच आहे म्हणून. १२व्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्-तावत्, कालक, नीलक म्हणत. समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करायची, बाकीच्या वेगळ्या मांडायच्या, हा नियम त्यांनी स्पष्ट दिलाय. ‘सजातीय’मधली जात तीच.

घाईत_आई: पुस्तकात −क्ष² + क्ष + १७य आहे. म्हणजे तेच ना?

खडू_फळा: तेच. पद हलवताना त्याच्या आधीचं चिन्ह सोबत न्यायचं, मग क्रम कुठलाही चालतो. आता ४क्षय − यक्ष तिला द्या. तुम्ही सांगू नका.

घाईत_आई: ३क्षय म्हणाली. गुणाकारात आधी कोण, नंतर कोण, फरक पडत नाही म्हणे.