वायरलेस गेमिंग हेडसेट: आधी डोकं बघा, कान नंतर

रात्रपाळी

कोणी गेमिंग हेडसेट घेतला की पहिला प्रश्न येतो, "साउंड कसाय?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा: दोन तासांनीही डोक्यावर ठेवावासा वाटतो का? उत्तर "नाही" असेल तर आवाज कितीही गोड असो, तो हेडसेट हुकाला लटकून राहणार.

आवाज मागाहून बराच दुरुस्त करता येतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ (आवाजाचे बास-ट्रेबल कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, शिवाय बहुतेक कंपन्या स्वतःचं ॲप देतात. फुगवलेला बास चार-पाच डेसिबलने खाली आणला की अर्धं काम झालं. टाळूवर टेकणारी पट्टी, कानशिलं आवळणारी पकड आणि वजन यांना मात्र कुठलंच अपडेट येत नाही.

लॉजिटेक जी४३५ चं वजन १६५ ग्रॅम, हायपरएक्स क्लाउड अल्फा वायरलेसचं माइकसकट सुमारे ३३५ आणि ऑडिझी मॅक्सवेलचं ४९०. म्हणजे एका मॅक्सवेलमध्ये जवळजवळ तीन जी४३५ बसतात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, वजन कुठे टेकतं ते बघा. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा मालिकेत वरच्या कमानीखाली ताणली जाणारी कापडी पट्टी असते. ती टाळूवर पसरून बसते, त्यामुळे वजन तीनशेच्या वर असलं तरी एका जागी टोचत नाही. उलट काही हलक्या हेडसेटमध्ये गादीच इतकी पातळ असते की तासाभरात टाळूच्या मधोमध, बरोबर रुपयाएवढ्या जागेत, ठणकायला लागतं.

कपची खोली कोणी मोजतच नाही. कपच्या आत बोट घालून ड्रायव्हरवरच्या (आतल्या छोट्या स्पीकरवरच्या) कापडापर्यंत किती जागा आहे बघा. कानाची कड त्या कापडाला टेकत असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग खाज सुटते, मग कड लाल होते, आणि मॅच ऐन रंगात असताना तुम्ही एका हाताने कप उचलून धरलेला असतो.

तर माझा क्रम: बसणं, वजन, उष्णता, माइक आणि मग आवाज. पटत नसेल तर बोला.

कानसेन

अजिबात पटत नाही. हेडसेट कानासाठी घेतात, आवाज पाचव्या नंबरवर ठेवायचा तर लोकरीची कानटोपी घ्या, तीही आरामदायी असते.

"आवाज दुरुस्त करता येतो" हे अर्धसत्य आहे. इक्वलायझरने कमी-जास्त करता येतं, नसलेलं आणता येत नाही. ड्रायव्हर स्वस्त असेल आणि तुम्ही वरच्या पट्ट्या वाढवल्या तर त्याच्यासोबत चरचरही वाढते. डावा-उजवा ड्रायव्हर जुळलेले नसतील तर समोरचा माणूस कायम थोडा डावीकडे ऐकू येणार. आणि इक्वलायझर एपीओ पीसीपुरतं, पीएस५ वर (प्लेस्टेशन ५ वर) ते नाही.

उलट आरामच मागाहून दुरुस्त होतो. पकड घट्ट असेल तर हेडसेट रात्रभर खोक्यावर किंवा जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा, चार-सहा दिवसांत सैल होतो. कुशन बदलून मिळतात. टाळूला गादी लावता येते. म्हणजे तुमचं सगळं तर्कशास्त्र उलटं उभं आहे.

वायरवाला

दोघंही चुकताय. मुळात वायरलेस घेताय कशाला?

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्सचं वजन केबल सोडून २८५ ग्रॅम. सेनहायझर एचडी ५६०एसचं २४०. दोन्हींचा आवाज त्याच पैशातल्या गेमिंग हेडसेटपेक्षा सरळ आणि स्वच्छ. माइक वेगळा घ्या, टेबलावर ठेवा, विषय संपला. ना चार्जिंग, ना लॅग (आवाज उशिरा येणं), ना ते ब्लूटूथचं रडगाणं.

आणि बॅटरीचं काय? लिथियमची बॅटरी वापरा किंवा नुसती ठेवा, वर्षांनुवर्षं झिजतेच. बहुतेक हेडसेटमध्ये ती सहज उघडून बदलता येत नाही. माझ्याकडचा एक (कंपनीचं नाव जाऊ दे) पूर्ण चार्ज करूनही शेवटी जेमतेम एक मॅच टिकायचा. दुरुस्तीवाल्याने कप उघडला तर सेल डिंकाने चिकटवलेला. पंधरा हजारांची वस्तू तीनशे रुपयांच्या सेलपायी कपाटात गेली.

रात्रपाळी

@वायरवाला, बॅटरीचा मुद्दा खरा आहे, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. क्लाउड अल्फा वायरलेसला कंपनी एका चार्जवर ३०० तास सांगते. रोज तीन तास खेळलात तर वर्षाला चारेक वेळा चार्जिंग. तेवढ्याने सेल दमत नाही. आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसमध्ये तर दोन बॅटऱ्या येतात, एक कानावर, दुसरी चार्जिंगला, आणि स्क्रू न उघडता बदलता येतात. सगळ्या कंपन्या असं का करत नाहीत, हा राग मलाही आहे.

लॅगबद्दल मात्र तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ करताय. ब्लूटूथ वेगळं आणि २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल (हेडसेटसोबत येणारा, यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) वेगळं. साध्या ब्लूटूथवर गोळी झाडल्यावर आवाज मागून येतो, ते कोणालाही कळतं. शिवाय माइक चालू केला की हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज मोनो होतो (दोन्ही कानांत एकच) आणि सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घ्यायचा वेग, १६ नाहीतर थेट ८ किलोहर्ट्झवर घसरतं. अख्खा गेम टेलिफोनवरून ऐकल्यासारखा. ब्लूटूथच्याच नवीन एलई ऑडिओने हे सुधारेल, पण त्यासाठी दोन्ही टोकांना ते असावं लागतं. डोंगलवर यातलं काही होत नाही. लोक नुसतं "वायरलेस" वाचून ब्लूटूथचा हेडफोन उचलतात आणि मग वायरलेसच्या नावाने बोटं मोडतात.

आवाज तुटत असेल तर आधी डोंगल कुठे लावलंय बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर जाते, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. डोंगल कॅबिनेटच्या मागे, हार्ड डिस्कच्या वायरीशेजारी खुपसू नका. हातभर एक्स्टेन्शन घेऊन टेबलावर आणा.

चष्मिष्ट

सगळे रिव्ह्यू बिनचष्म्याची माणसं लिहितात की काय, अशी मला दाट शंका आहे.

कुशन चष्म्याच्या काडीवर दाबतं, काडी कानामागच्या हाडावर. पहिला अर्धा तास गोड जातो. मग डोकं दुखतंय की नंबर वाढलाय तेच कळत नाही. आणि @कानसेन, हे फक्त आरामापुरतं नाही. काडीमुळे कुशन आणि कातडीच्या मध्ये फट राहते, तिथून बास गळतो. तुम्ही ऐकलेला हेडसेट आणि मी ऐकलेला हेडसेट एकाच खोक्यातून निघाला तरी दोन वेगळे हेडसेट आहेत. म्हणजे बसणं बिघडलं की आवाजही बिघडला. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

मऊ फोम आणि कापडी कुशन असेल तर काडी आत रुतते, फट कमी राहते. कडक रेक्झिनवर नाही. शक्य असेल तर खेळायचा चष्मा पातळ, चपट्या काडीचा ठेवा.

कानसेन

@चष्मिष्ट, फटीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण त्यातूनच माझं म्हणणं निघतं बघा. तुमचा सल्ला ऐकून कोणी रेक्झिन काढून मखमली कुशन लावलं तर तिथूनही हवा जाते, बास उतरतो आणि कंपनीने जुळवलेला आवाज राहत नाही. आरामासाठी केलेला बदल आवाजाच्या खात्यातून वजा होतो. तेव्हा आवाज ऐकल्याशिवाय आराम ठरवू नका.

बास थोडा उतरला तर शूटर (गोळीबाराचे गेम) खेळणाऱ्याचं नुकसान नाही, हेही सांगून टाकतो. खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात. ग्रेनेडच्या घुमण्याखाली पावलांची खसखस बुडते. "गेमिंग साउंड" म्हणून जो दणका विकला जातो तो गेममध्येच अडचण करतो.

आणि खोक्यावरच्या ७.१ ला (चहूबाजूंनी आवाज येतो असा भास देणाऱ्या सराउंडला) भुलू नका. कान दोनच, ड्रायव्हर दोनच. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) आणि व्हॅलोरंट हे शूटर गेम स्वतःच डोक्याच्या आकाराचा हिशोब करून दिशा ठरवतात, व्हॅलोरंटमध्ये ती एचआरटीएफची सोय २०२१ पासून आहे. त्यावर हेडसेटचा ७.१ चढवला की दिशेवर दिशा. मागून येणारा माणूस मोरीत उभा असल्यासारखा घुमतो. साधा स्टीरिओ ठेवा.

मालवणी_वारा

मुंबईपासून खाली समुद्राकाठी राहणाऱ्यांनी एक गोष्ट लिहून ठेवावी: रेक्झिनचं कुशन इथे टिकत नाही. दमट हवा आणि घाम मिळून वरचा थर सुटतो. आधी बारीक सुरकुत्या, मग काळे पोपडे गालावर. लॅपटॉपवर, उशीवर, जेवताना ताटात सुद्धा. वॉरंटीवाले म्हणतात, ही नैसर्गिक झीज.

मे महिन्यात तर बंद कपाचा कुठलाच हेडसेट आरामदायी नाही. वीस मिनिटांत कानाभोवती पाणी. यावर वायरवाल्यांचा ५६०एस बरा, पाठीमागून उघडा असल्याने हवा खेळते.

रात्रपाळी

उघडा हेडफोन कागदावर छान. आपल्या घरात कसा चालणार? पंखा पाचवर, स्वयंपाकघरात कुकर, बाहेर हॉर्न. पावलं ऐकायला आवाज वाढवायचा, की तो बाहेर गळून टेबलावरच्या माइकमध्ये जाणार, की टीममधले पोरं शिव्या देणार. आणि वायरवाले, तुमच्या त्या वेगळ्या माइकला पंखा स्पष्ट ऐकू येतो. तोंडाजवळची दांडी असलेला माइक त्या बाबतीत बरा, कारण अंतर कमी.

वायरवाला

पंखा बंद करून खेळा की. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा राऊटरच बंद पडतो, मग कसला गेम आणि कसला हेडसेट 😄

गंमत सोडा. तोंडाजवळच्या माइकचा मुद्दा घेतो. पण वायरच्या हेडफोनला चिकटवायचा दांडीचा माइकही मिळतो. वायरलेसचा खरा फायदा एकच, उठून पाणी प्यायला जाताना हेडफोन काढावा लागत नाही. त्यासाठी दुप्पट पैसे मी देणार नाही.

बारामतीची_काकू

नमस्कार. तुमचं सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं. मुलगा तेरा वर्षांचा, चष्मा आहे, पीएस५ वर खेळतो. त्याला ब्लूटूथचा हेडफोन आणला होता, तो लागलाच नाही. आता काय घेऊ? मला त्याच्या कानांची काळजी जास्त वाटते.

रात्रपाळी

काकू, पीएस५ थेट ब्लूटूथ हेडफोन घेतच नाही, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. डोंगलवाला लागेल. वर ज्याचं नाव घेतलं तो जी४३५ बघा. हलका आहे, लहान डोक्याला बसतो, कुशनला कापड आहे आणि आवाज ८५ डेसिबलच्या आत ठेवायची सोय आहे. माइकची दांडी नाही, पण मित्रांशी गप्पा मारायला पुरतो.

कानसेन

आवाज साधारण आहे, हे सांगायला हवं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला चालेल. काकू, ८५ सुद्धा मुलांना रोज तासन्तास नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ धरलेत. ती सोय चालू करा, शिवाय तासही मोजा.

वायरवाला

काकू, पीएस५ च्या रिमोटलाच ३.५ मिलिमीटरची पिन लागते. घरात जुना वायरवाला हेडफोन असेल तर आजच लावून बघा, खर्च शून्य. वायर रिमोटपासून कानापर्यंतच, टीव्हीपर्यंत नाही.

बारामतीची_काकू

हे कोणी आधी का नाही सांगितलं! मोबाइलसोबत आलेला एक ड्रॉवरमध्ये आहे, तो लावला आणि चालला. माइकसुद्धा. पण तो कानात घालायचा आहे, अर्ध्या तासात कान दुखतो म्हणाला.

चष्मिष्ट

मग काकू, आता वरून बसणाराच लागेल, वायरचा घ्या नाहीतर डोंगलचा. त्याला दुकानात सोबत घेऊन जा, चष्म्यासकट. पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवू देतील असं दुकान शोधा. खाली वाकायला सांगा, हेडसेट पुढे घसरतो का बघा. काढल्यावर कानामागे काडीचा लाल वण दिसला तर तो घेऊ नका.

कानसेन

आणि त्याच पंधरा मिनिटांत त्याला काहीतरी ऐकवाही. नुसतं डोक्यावर ठेवून परत येऊ नका.