जुन्या प्रीअँपचे कपॅसिटर सरसकट बदलावेत का?

मांडवीकाठ (पणजी)
मामा तारवटी होते. सत्तरच्या दशकात बोटीवरून सुट्टीला येताना त्यांनी विलायतेतून क्वाड ३३ हा प्रीअँप (टर्नटेबल आणि अँप्लिफायरच्या मध्ये बसणारा डबा) आणला. आता तो माझ्याकडे आलाय. डावीकडून घरघर येते आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर. मडगावच्या एका मेकॅनिकने झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला : कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) सगळे नवे, ट्रान्झिस्टरही ‘भारीतले’ घालू. माझं मत, मेलंय तेवढंच बदलावं. नाहीतर मामांचं म्हणून उरणार काय, नारिंगी बटणं आणि डबा?

डागवाला (फोंडा)
मांडवीबाब, तुम्हाला क्वाडचाच आवाज हवा ना? मग नेमका कुठला? १९६७ साली हंटिंग्डनच्या कारखान्यातून निघाला तो, की आज ऐकताय तो? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव सुकतो. आजूबाजूचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि हा डबा पन्नास वर्षं गोव्याच्या उकाड्यात बसलाय. तुम्ही जपताय ते म्हातारपण. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंश तापमान सोसणारे नवे घाला. पॉलिएस्टरचे कपॅसिटर राहू द्या, ते सहसा सुकत नाहीत.

मांडवीकाठ
इलेक्ट्रोलिटिकपुरतं पटलं. पण ट्रान्झिस्टर कशाला? माझ्या मित्राचा असाच एक प्रीअँप ‘सुधारून’ परत आला तेव्हा बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक उखडलेले होते. जुन्या बोर्डाला दोनदा डाग (सोल्डर) दिला की तिसऱ्यांदा जागा राहत नाही.

डागवाला
ट्रान्झिस्टरला माझाही विरोधच आहे. ती सुधारणा नव्हे, हौस.

खाजन (दिवाडी)
दोघेही सोल्डरवर भांडताय, डब्यात अजून कोणी डोकावलेलं दिसत नाही. क्वाड ३३ चे बोर्ड खोचायचे असतात. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्या कडेचे काँटॅक्ट काळे पडतात. प्लग काढून ठेवा, बोर्ड उपसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत खोचा. मागे टर्नटेबलच्या जोडणीची छोटी ‘डिस्क’ पट्टी असते, तीही पुसा; मात्र कुठली बाजू वर होती त्याचा आधी फोटो काढा, कारण ती फिरवून खोचली की कार्ट्रिजची (सुई बसते त्या भागाची) जुळणी बदलते. मग टर्नटेबलच्या डाव्याउजव्या वायरी अदलाबदल करा. घरघर उजवीकडे गेली तर दोष कार्ट्रिज, टोनआर्म किंवा वायरीत. डावीकडेच राहिली तर प्रीअँपमध्ये. याला खर्च शून्य.

नवंते_सोनं (वास्को)
एवढा खटाटोप कशाला? आजचा साधा फोनो स्टेजही (टर्नटेबलपुरता प्रीअँप) रियाचा (RIAA) वक्र, म्हणजे तबकडी कापताना दाबलेला खर्ज आणि चढवलेला वरचा आवाज परत जागेवर आणायचं ठरलेलं माप, डेसिबलच्या अंशापर्यंत पाळतो. ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ ही वळणं कागदावर ठरलेली आहेत, त्यात कसली आलीय माया! क्वाड शोकेसमध्ये ठेवा, शोभेल.

केरीकर
ठरली कधी, तेही सांगा की. रियाचा वक्र १९५४ चा. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या बहुतेक त्याआधीच्या. त्या नव्या डब्यावर लावल्या की वरचा आवाज दबतो, आणि लाखेची सळसळ राहते ती राहतेच. क्वाड ३३ ला ५, ७ आणि १० किलोहर्ट्झचा फिल्टर आहे, शिवाय उतार कमीजास्त करायचं बटण. सळसळ नेमकी किती कापायची ते कानाने ठरवता येतं. (७८ ला सुई वेगळी लागते, सुमारे ३ मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाची. एलपीची लावाल तर खाचेच्या तळाचा कचरा ऐकाल.)

नवंते_सोनं
हेच सगळं कॉम्प्युटरवर करता येतं.

केरीकर
येतं. पण रात्री जेवून झाल्यावर मला माऊस धरायचा नसतो.

मांडवीकाठ
आज सुट्टी होती. खाजनबाब, बोर्ड पुसले. फडक्याला लागलं ते काजळच म्हणायचं. घरघर गेली! व्हॉल्यूमची खरखर उरलीय, त्याला काँटॅक्ट क्लीनर आणतो. म्हणजे कपॅसिटर तूर्त वाचले.

डागवाला
तूर्त. जूनमध्ये बोलू.