सरोगसीत भ्रूण ताजे की गोठवलेले?

प्रश्न : माझे गर्भाशय काढल्यामुळे माझी विवाहित नणंद, जिला स्वतःचे एक मूल आहे, आमच्यासाठी गर्भ वाढवण्यास तयार झाली आहे. डॉक्टर भ्रूण गोठवूनच ठेवू म्हणतात. ताजे भ्रूण अधिक चांगले नसते का?

उत्तर १ : ताज्या भ्रूणासाठी तुमची स्त्रीबीजे काढण्याचा दिवस आणि नणंदबाईंच्या गर्भाशयाच्या अस्तराची तयारी अचूक जुळावी लागते, अस्तर पातळ राहिले तर मुसळ केरात. गोठवलेले भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये थांबू शकते. अस्तर तयार झाले की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू करून साधारण पाच दिवसांनी ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेले भ्रूण) गर्भाशयात सोडतात. वितळवताना एखादे भ्रूण दगावू शकते, हे मात्र धरून चाला.

उत्तर २ : बीजवाढीच्या इंजेक्शनांनी अस्तर बिघडते म्हणून गोठवावे, असेही तुम्हाला कोणी सांगेल, पण ती इंजेक्शने तुम्ही घेणार, नणंद नव्हे, त्यामुळे ते कारण येथे गैरलागू आहे. खरी अडचण कागदपत्रांची. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि नणंदेचा ३६ महिन्यांचा विमा लागतो. आमची फाईल एका सहीसाठी सात आठवडे पडून होती; ताजे भ्रूण तेवढे थांबले नसते.